खुंटी नसलेलं रक्त

१४ जून २०२४, शुक्रवार

आज रक्तदाता दिन. वडाळ्याच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बॅनरवर कार्ल लँडस्टायनरचा फोटो. १८६८ साली आजच्या तारखेला त्याचा जन्म झाला, म्हणून जगभर हाच दिवस धरलाय. पण खाली नाव छापायचं राहून गेल्यामुळे सगळ्यांना ते सोसायटीचे दिवंगत अध्यक्ष वाटत होते. एका आजोबांनी तर हार कुठे ठेवलाय म्हणून विचारलं.

या माणसाने व्हिएन्नात प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचीच रक्तं एकमेकांत मिसळून पाहिली आणि १९०१ साली रक्तगट जगापुढे मांडले. १९३० साली त्याबद्दल नोबेल मिळालं. पेशींवर काहीतरी आहे आणि सीरममधलं काहीतरी ते ओळखतं, इतकं त्याला कळलं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे उकलायला पुढे पन्नासेक वर्षं गेली. बॅनरवाल्यांना याच्याशी काय घेणं? खाली मोठ्या अक्षरात ‘ओ म्हणजे सर्वांचा दाता’ एवढं आहे. बरोबरच आहे म्हणा, बऱ्याचदा.

संध्याकाळी अँटॉप हिलला परत आले तर कणकवलीहून भाचा आलेला. वर्षभर आमच्याकडेच राहणार, दादरला नीटचा क्लास. यंदाच्या नीटचा घोळ पाहून त्याच्या आईचा धीर सुटलाय, त्याचा नाही. बरोबर कोकमं, कुळथाचं पीठ आणि आख्खे कुळीथ. आमच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात डबे ठेवायला जागा कुठली? बाल्कनीत, जुन्या वॉशिंग मशीनवर रचलेत.

२६ जून, बुधवार

आज रक्तपेढीत सातवा महिना नुकताच लागलेली बाई. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. डॉक्टरांनी बाळंतपणासाठी रक्ताची सोय आधीच बघून ठेवायला सांगितलेली. हातात एका खासगी लॅबचं कार्ड, ओ पॉझिटिव्ह.

ट्यूबमध्ये ग्रुप लावला. अँटी-ए टाकलं, काही नाही. अँटी-बी, काही नाही. अँटी-डी, घट्ट गुठळी. कार्ड बरोबर आहे म्हणून इथे हात झटकता येतात आणि काही ठिकाणी झटकतातही. पण ही झाली फॉरवर्ड, पेशींची तपासणी. रिव्हर्स बाकी असते. पेशंटचं सीरम घ्यायचं आणि त्यात आपल्याकडच्या माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशी वेगवेगळ्या टाकून बघायच्या. ओ माणसाचं सीरम ए पेशींना धरतं, बी पेशींना धरतं, ओ पेशींना हात लावत नाही.

तिसरी ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली. तळाशी लाल बटण बसलं होतं. ते सगळ्यांचंच बसतं. ट्यूब तिरकी करून हलकी टिचकी मारली की ओ पेशी बटणाच्या कडेने सुटायला लागतात आणि दोन-तीन टिचक्यांत सगळं पाणी सारखं लाल होतं. हिचं बटण सुटलंच नाही. अख्खंच्या अख्खं उचललं गेलं आणि स्वच्छ पाण्यात फिरत राहिलं. परत लावलं. थंडीने असं होतं कधी कधी, म्हणून ३७ अंशांवर लावलं. तेच. तिच्या पेशी तिच्याच सीरममध्ये टाकल्या, तर त्या मात्र मोकळ्या. म्हणजे सीरमचं भांडण तिच्या स्वतःच्या पेशींशी नाही, बाकी सगळ्या जगाशी आहे.

मग फ्रिजमधून अँटी-एच काढलं. युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांचा तो अर्क. साध्या ओ पेशी त्याने लगेच गोळा होतात, कारण त्यांच्यावर एच भरपूर असतं. हिच्या पेशींवर काहीच परिणाम नाही.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना फोन केला, “सर, बॉम्बे दिसतोय.” ते म्हणाले, “दिसू दे. नमुना पुढे पाठवा, रिपोर्ट आल्याशिवाय बोलू नका. आणि कोणीही तिला ओची बॅग देऊ नये, हे आत्ता लाल पेनाने लिहा.”

लिहिलं. हिला ओ चढवलं असतं तर त्या पेशी तिच्या शिरेतच फुटल्या असत्या.

२८ जून, शुक्रवार

केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या संस्थेतून रिपोर्ट आला. बॉम्बे फेनोटाइप. लिहिताना ओच्या खांद्यावर बारीक एच काढतात.

आमच्यासारख्या परळात नोकरी करणाऱ्यांना या गटाबद्दल थोडी घरची आपुलकी आहे. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये दीड-दोन पानांचं टिपण आलं. लेखक भेंडे, देशपांडे, भाटिया. आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. डॉ. य. मो. भेंडे शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीला होते. रक्ताची गरज पडलेले पेशंट दोन, एक रेल्वे अपघातातला आणि एक भोसकलेला. दोघांचं रक्त ओसारखं दिसे, पण ओ पेशींनाच धरी. नमुने लंडनला गेले आणि तिथेही त्यांच्या ओळखीचं काही सापडलं नाही. गटाला शहराचंच नाव मिळालं. १९५७ साली याच आवारात आयसीएमआरचं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर निघालं, त्याचीच पुढे आजची संस्था झाली. त्या टिपणातले डॉ. ह. म. भाटिया नंतर तिचे संचालक होते.

मुंबईत साधारण साडेसात ते दहा हजारांत एक माणूस या गटाचा. युरोपात दहा लाखांत एखादा. म्हणजे अँटॉप हिल, संगमनगर, कोकरी आगार, प्रतीक्षानगर मिळून इतकी वस्ती की यातले कितीतरी जण खिशात ‘ओ’चं कार्ड घेऊन फिरत असणार.

बाईंच्या नवऱ्याला सांगायला गेले. त्याचा पहिला प्रश्न, “म्हणजे हिच्या रक्तात दोष आहे?” दुसरा, “बाळाला होईल?” दोष नाही म्हटलं. सव्वीस वर्षं हिला माहीतही नव्हतं, यातच आलं सगळं. सध्या काम लोहाचं. हिमोग्लोबिन वर आलं तर रक्त लागणारही नाही. तरी भावाबहिणींना तपासायला घेऊन या.

८ जुलै, सोमवार

पहाटे काही भागांत सहा तासांत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस. किंग्ज सर्कलला पाणी, शीवला पाणी. हार्बर बंद. सरांचा फोन, आज संध्याकाळची पाळी करा. दिवसभर घरात. तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीने आमच्या हॉलचा कोपरा धरलाय. बादलीत ठिबक चालू आणि तिच्याशेजारी भाच्याचा अभ्यास.

धडा जैवरेणूंचा. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिइक आम्लं. प्रत्येकाखाली दोन उपमथळे, रचना आणि कार्य. तो पाठ करत होता, हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं, दोन अल्फा, दोन बीटा. अमिनो आम्लं अल्फात १४१, बीटात १४६, एकूण ५७४. एका तांबड्या पेशीत असे सुमारे सत्तावीस कोटी रेणू. कार्य, ऑक्सिजन वाहून नेणं. उत्तम. पण मला पुस्तकाच्या या मांडणीचा राग येतो. चार डबे, चार लेबलं. जणू शरीरात साखर एका खोलीत राहते, प्रथिन दुसऱ्या आणि डीएनए तिसऱ्या, जाणं-येणं बंद. परवाच्या बाईचं नाव-गाव न सांगता तिचीच हकिकत सांगितली.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या आखूड साखळ्या उभ्या असतात, काही प्रथिनांना चिकटलेल्या, काही मेदांना. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज. त्याला फ्युकोज नावाची छोटी साखर जोडली की झालं एच. एच म्हणजे खुंटी. खुंटीवर एन-असिटिलगॅलॅक्टोसामिन टांगलं की ए, साधं गॅलॅक्टोज टांगलं की बी, दोन्ही प्रकार असले की एबी. काहीच टांगलं नाही, नुसती खुंटी राहिली, तर ओ.

“म्हणजे ओ म्हणजे शून्य नाही?” भाच्याने विचारलं.

नाही ना. ओवाल्यांच्या पेशीवर नुसत्या खुंट्याच लाखोंनी असतात. शून्य ते बॉम्बेवाले. त्यांच्याकडे खुंटीच नाही. त्यामुळे ए टांगणारं वा बी टांगणारं एन्झाइम शरीरात ठणठणीत असलं तरी टांगायचं कुठे? आईबापांकडून बीचा जीन आलेला असतो, पुढच्या पिढीला दिलाही जातो, पण स्वतःच्या कार्डावर ओ. अशा आईला बी किंवा एबीचं मूल झालं की नातेवाइकांच्या भुवया वर. किती घरांत यावरून काय काय झालं असेल, देव जाणे.

मग त्याच्या वहीच्या मागच्या पानावर खालपासून वर लिहून दिलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एफयूटी-वन नावाचा जीन. त्यातलं ७२५वं अक्षर टी. आपल्याकडच्या बॉम्बेवाल्यांत बहुतेकदा तिथे जी असतं. अक्षर एक बदललं म्हणून ३६५ अमिनो आम्लांच्या एन्झाइममध्ये २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसलं. ल्युसिन तेलकट, पाण्याला पाठ करणारं. आर्जिनिन विद्युतभारित, पाण्याला ओढ घेणारं. प्रथिन घडी घालताना आत काय जाईल, बाहेर काय राहील हे याच ओढाताणीवर ठरतं. घडी बिघडली. एन्झाइम कामातून गेलं. फ्युकोज जोडलं गेलं नाही. एच नाही. म्हणून नवव्या गुणसूत्रावरचा ए-बीचा जीनही हात बांधून बसला.

डीएनए, प्रथिन, साखर, मेद, त्याच्या पुस्तकातले चारही डबे एका ओळीत आले. तो म्हणाला, “मावशी, पण जीन साखर बनवत नाहीत ना?” नाहीतच. जीनमध्ये साखळीचा आराखडा कुठेच लिहिलेला नाही. जीन एन्झाइम बनवतो आणि एन्झाइम साखर जोडतं. हे जे मधलं पाऊल आहे, ते परळच्या त्या पेशंटांमुळे आणि नंतरच्या अशाच घराण्यांमुळे स्पष्ट झालं. प्रश्न चांगला विचारला पठ्ठ्याने. नीटमध्ये मात्र तो येणार नाही.

साडेतीनला निघाले. रस्त्यावर पाणी ओसरलेलं, कचरा तेवढा राहिलेला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, रताळी. उपासाच्या नावाखाली आपण दिवसभर स्टार्च खातो, हे दरवर्षी मनात येतं आणि दरवर्षी खिचडी थोडी जास्तच होते.

साबुदाणा सगळा ग्लुकोजचा. अंगावरची सुती साडीही ग्लुकोजचीच, कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज. फरक फक्त एका ग्लुकोजला पुढचं जोडताना सांधा खाली वळलाय की वर. अल्फा सांध्याने साखळी वेटोळी होते, पाणी धरते, फुगते, आपल्या एन्झाइमांना सापडते. बीटा सांध्याने साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगते, तिचा दोर होतो आणि आपल्याकडे तो सांधा तोडायला काही नाही. गाईकडेही नाही, तिच्या पोटातल्या जंतूंकडे आहे. इथून दोन स्टेशनांच्या अंतरावर, माटुंग्याला अडेनवाला रोडवर कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, १९२४ पासूनची. शंभर वर्षं तिथे तंतूची लांबी, ताकद, पक्वता मोजताहेत. म्हणजे शेवटी बीटा सांध्याचाच हिशेब. यंदा शताब्दी. बसमधून दिसणारी पाटी वाचून कोणाच्या लक्षात येणार?

ए आणि बीचंही तसंच आहे. ए जोडणारं एन्झाइम आणि बी जोडणारं एन्झाइम, दोन्ही ३५४ अमिनो आम्लांची, फरक फक्त चार ठिकाणी. तेवढ्याने एक एन्झाइम एक साखर उचलतं, दुसरं दुसरी. ओमध्ये बहुतेकदा डीएनएचं एकच अक्षर गळलेलं असतं, त्यापुढचं सगळं वाचन सरकतं आणि एन्झाइम अर्धवटच तुटतं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. सुटी असून गेले, कारण बाईंची भावंडं आज येणार होती. तीन भाऊ, एक बहीण, बरोबर आई. कराडजवळच्या खेड्यातून रात्रीच्या एसटीने आलेले. आईने विचारलं, “ताई, रक्त किती काढणार? पोरगा दुपारच्या गाडीने परत जायचाय, भात लावायचाय.” दोन-तीन मिली म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

थोरले दोघे बी. बहीण ओ, साधी ओ. धाकट्याच्या तिसऱ्या ट्यूबमधलं बटण सुटलं नाही.

आई-वडील दोघांकडेही बिघडलेल्या जीनची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. पाच मुलांत दोन निघाली. सहज विचारलं, लग्न नात्यातलं का? “मामाचीच मुलगी मी,” आई म्हणाली. नात्यातल्या लग्नांत दुर्मीळ जीनच्या दोन प्रती एकत्र यायची शक्यता वाढते, आणि हा गट महाराष्ट्रात आणि दक्षिणेकडे जास्त आढळतो त्याचं एक कारण हेही धरतात. मी यावर आईला काही व्याख्यान दिलं नाही. काय उपयोग? पोरं धडधाकट आहेत.

आणि खरी गंमत तिथेच आहे. पुस्तकात रचना म्हटलं की लगेच खाली कार्य. एचची रचना अणूपर्यंत माहीत आहे. कार्य? या दोन भावंडांकडे ती रचनाच नाही. भाऊ नांगर धरतो, बहीण दुसऱ्या खेपेची बाळंतीण होणार आहे, आणि काही अडलेलं नाही. ओ गटात कॉलरा जास्त जोर धरतो हे माहीत आहे, पोटाचे काही विषाणू या साखरांना धरूनच आत शिरतात हेही. म्हणजे एचचा उपयोग आपल्यापेक्षा जंतूंनीच जास्त करून घेतला म्हणायचं. माझं मत असं की प्रत्येक रचनेला नेमून दिलेलं काम असतंच, हे आपल्या मनाचं समाधान. या साखरेला अर्थ येतो तो तिला ओळखणारं प्रथिन समोर उभं राहिल्यावर. सरांना हे पटत नाही. ते म्हणतात, कार्य असेल, आपल्याला दिसलं नाही. असेल.

धाकट्याला सांगितलं, ऑगस्टमध्ये एकदा ये. तुझं रक्त कोणालाही चालू शकतं, तुला मात्र तुझ्यासारख्याचंच. तो म्हणाला, “म्हणजे आमचं फक्त देणंच का?”

४ ऑगस्ट, रविवार

दीप अमावास्या. उद्यापासून श्रावण, म्हणून कोळीवाड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. वाम होती मोठी, काळपट पाठीची. भाच्याला दाखवली आणि म्हटलं, तुझ्या धड्यातलं एक पान हिच्या भाऊबंदाने लिहिलंय.

मुंबईचं टिपण ज्या वर्षी आलं, त्याच १९५२ साली लंडनला विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन एच म्हणजे काय ते शोधत होते. युरोपातल्या ईल माशाच्या सीरममध्ये अँटी-एच असतं, ओ पेशींना ते गोळा करतं. त्यांनी त्या सीरममध्ये वेगवेगळ्या सुट्या साखरा विरघळवून बघितल्या. एल-फ्युकोज टाकल्यावर सीरम गप्प झालं, पेशी मोकळ्या राहिल्या. सीरममधल्या प्रथिनाच्या खोबणी सुट्या फ्युकोजनेच भरून गेल्या, पेशी धरायला हात रिकामा नाही. म्हणजे ते जे ओळखत होतं ते फ्युकोज. रक्तगट हा साखरेचा मामला आहे, हे इतक्या साध्या युक्तीने दिसलं. आज आमच्याकडे लाखांची यंत्रं आहेत, अशी युक्ती मात्र रोज सुचत नाही.

मासे आलेच, पण रात्री वरणाऐवजी पिठी केली. कुळथाचीही गोष्ट आहे. १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी पुण्यात, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करताना, ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की कुळथाच्या अर्काने ए गटाच्या पेशींची गुठळी होते. पुढे स्पष्ट झालं, ए-वन नावाच्या जोरकस पोटगटाला तो अर्क धरतो, ए-टूला योग्य प्रमाणात पातळ केल्यावर सोडून देतो. आमच्या फ्रिजमधल्या अँटी-ए-वनच्या बाटलीवर ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ लिहिलेलं असतं, ते कुळथाचं जुनं शास्त्रीय नाव. बियांतली ही प्रथिनं म्हणजे लेक्टिनं. साखर ओळखतात, बाकी काही ओळखत नाहीत. कुळथाला माणसाच्या रक्तगटाशी काय करायचंय? काही नाही. त्याच्या खोबणीत जी साखर बसते, ती योगायोगाने आमच्या ए पेशीच्या टोकाला आहे.

भाच्याने पिठीची वाटी बाजूला सरकवली. “मी ए आहे मावशी.”

शिजल्यावर लेक्टिनाची घडी मोडते, म्हटलं, खा. डाळी-कडधान्यांत ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनंही असतात आणि उकळल्यावर त्यांतली बहुतेक निकामी होतात. कमला सोहोनी यांनी मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन नेमकं हेच काम केलं होतं. त्याआधी बंगळूरला रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, मग अटी घालून दिला. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी, बटाट्यात सायटोक्रोम सी दाखवून. आणि इथे येऊन हाती घेतली ती गरिबाच्या ताटातली डाळ आणि नीरा. उतारवयात ग्राहक संघटनेच्या ‘कीमत’मध्ये भेसळीवर लिहायच्या. धड्यात त्यांच्यावर चौकट हवी होती. नाही. वॉटसन-क्रिकची आहे.

त्याने वाटी परत ओढली. दोनदा घेतली.

१८ ऑगस्ट, रविवार

धाकटा भाऊ आला. वजन बासष्ट, हिमोग्लोबिन साडेचौदा. साडेतीनशेची बॅग काढली. बॅगेत सीपीडीए असतं, पेशींचं पोट भरायला ग्लुकोज आणि एटीपी टिकवायला अॅडेनिन, म्हणून पस्तीस दिवस टिकते. लेबलवर २२ सप्टेंबर पडलं. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, वेगळ्या ट्रेमध्ये, लाल पट्टी लावून.

बाईंच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना दुसरीच काळजी. नवरा साधा, त्यामुळे बाळाच्या पेशींवर एच असणारच. आईच्या रक्तातलं अँटी-एच बाळाला बाधेल का? हे अँटिबॉडीच्या आकारावर ठरतं. आयजीजी म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा एकच रेणू, वजन दीड लाख डाल्टन. वारेच्या पेशी त्याला हाताने धरून पलीकडे नेतात. त्यासाठी त्यांच्यावर खास रिसेप्टर असतो. आयजीएम म्हणजे असे पाच एकत्र बांधलेले, वजन नऊ लाखांच्या घरात, आणि त्याला नेणारं वारेत कोणी नाही. दहा टोकांनी पेशी धरतं म्हणून ट्यूबमध्ये जी दणकट गुठळी होते ती बहुतेक याचीच. अँटी-एच मुख्यतः आयजीएम. थोडं आयजीजी असतं, पण जन्मतः बाळाच्या पेशींवर एच-ए-बी पुरते फुललेले नसतात. म्हणून त्रास क्वचित. क्वचित म्हणजे नाही असं नव्हे, बिलिरुबिनवर लक्ष ठेवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तेवढं कागदावर लिहून द्या, पोरं रात्रपाळीत बदलतात.” दिलं.

बाईंचं हिमोग्लोबिन लोहाच्या इंजेक्शनांनी पावणेअकरा. रक्त लागणार नाही असं मला वाटायला लागलंय. सरांना बोलले नाही, ते लगेच दृष्ट लागते म्हणतात. एवढे मोठे पॅथॉलॉजिस्ट!

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. काल रात्री बाईंची प्रसूती झाली, मुलगी, दोन किलो नऊशे. रक्तस्राव बेताचा. बॅग लागली नाही. आज नाळेच्या रक्ताचा नमुना आला. बी पॉझिटिव्ह.

नवरा ओ आहे. त्याचं कार्ड मी स्वतः केलंय, फॉरवर्ड, रिव्हर्स, अँटी-एच, सगळं. तो साधा ओ. मग बी आलं कुठून? आईकडून. भावांचा ग्रुप बी होता, तेव्हाच लक्षात यायला हवं. हिच्याकडे बीचा जीन इतकी वर्षं होता, फक्त खुंटी नव्हती. बापाने एचचा चालू जीन दिला आणि मुलीत तो बी उजेडात आला.

हे मी तातडीने वॉर्डात जाऊन नवऱ्याला, त्याच्या आईला आणि सिस्टरला एकत्र बसवून सांगितलं. तोंडी पुरत नाही म्हणून कागद केला, सरांची सही घेतली. ‘आई बॉम्बे फेनोटाइप, बी जीन वाहक, वडील ओ, बाळ बी, हे आनुवंशिकीनुसार सुसंगत.’ सासूबाई म्हणाल्या, “आम्ही कुठे काय म्हटलं?” तेही खरं. तरी म्हटलं, कागद फाइलला लावा, लॅमिनेट करा, शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवा. वीस वर्षांनी कुठल्या तरी कॉलेजात ही मुलगी रक्तगट करेल, घरी येऊन सगळ्यांची कार्डं मांडेल. तेव्हा मी रिटायर झालेली असेन.

भाच्याला संध्याकाळी नुसते गट सांगितले, आई ओसारखी, बाप ओ, मूल बी. म्हटलं, सोडव. त्याने वही उघडली, मागचं पान काढलं आणि माझ्याआधी लिहून मोकळा झाला. मखराच्या थर्माकोलला यंदाही बंदी, म्हणून पुठ्ठा कापत बसलोय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-विसर्जन. दुपारी कोल्हापूरहून फोन. मोटारसायकल अपघात, मांडीचं हाड, बॉम्बे गट, तिकडच्या यादीतले दोघे दाते दहा-पंधरा दिवसांपूर्वीच देऊन बसलेले. बॅग आहे का?

आहे. दहा दिवस शिल्लक आहेत. धाकट्या भावाला फोन केला, त्याच्या बहिणीसाठी दिलं होतं, विचारलेलं बरं. त्याच्या मागे ढोल वाजत होते. “द्या की ताई. कोल्हापूर तर आमच्याच बाजूला. मीच येऊ का घेऊन?”

तू येऊ नकोस, म्हटलं. तू पुढचे तीन महिने शिल्लक राहा.

थंड पेटी तयार केली, बर्फाचे पॅक दोन बाजूंना, बॅगेला थेट लागू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा. दोन ते सहाच्या मध्ये राहायला हवं. तापमान लिहिलं, वेळ लिहिली. क्रॉसमॅचला पायलट ट्यूब वेगळी बांधली. लेबलवर ओच्या खांद्यावरचा एच दिसेना, छापताना आमच्या प्रिंटरमध्ये तो उमटतच नाही. पेनाने मोठा काढला, खाली मराठीत ‘बॉम्बे’ लिहिलं आणि सही केली. पेटी साडेआठच्या गाडीने निघाली. उद्या सकाळी त्यांचा क्रॉसमॅचचा फोन येईल तेव्हा रजिस्टरमधली नोंद पुरी करायची.